थोडा फरक

रात्री साडेदहाच्या सुमारास भाच्याचा मेसेज आला. ‘मावशी, लॅपटॉपला अजून ४ जीबी रॅम टाकली तर फास्ट होईल का?’ मी लगेच ‘हो’ लिहिलं. पाठवलं मात्र नाही. ते एकाक्षरी उत्तर तिथेच बसून राहिलं, त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला. मग मी ते पुसलं, ‘बहुतेक’ लिहिलं, तेही पुसलं. पलीकडे त्याला ‘टायपिंग’ दिसत असणार आणि मावशी एवढं काय रामायण लिहितेय असं वाटत असणार. शेवटी ‘रविवारी घेऊन ये, बघू’ एवढंच पाठवलं. त्याने अंगठा दाखवला आणि बहुधा झोपूनही गेला. मी जागी. एवढ्याशा प्रश्नाला ‘हो’ म्हणताना माझा हात का अडखळला, ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याचा संबंध त्याच्या आईशी, म्हणजे माझ्या ताईशी होता, आणि तिच्या एका वाक्याशी, जे तिला आता आठवतही नसेल.

आमच्याकडे कॉम्प्युटरमधलं कळणारी बाई म्हणजे मी. हे पद मी मागितलेलं नाही. खूप वर्षांपूर्वी एका नातेवाइकांचा बंद पडलेला प्रिंटर मी चालू करून दिला होता. त्याची वायर निघाली होती, एवढंच. पण मी ती खोचल्यावर तो खडखडत जागा झाला तेव्हा मागे उभ्या असलेल्या मंडळींच्या तोंडून जो ‘अरे वा’ निघाला, त्याची चटक लागली हे खरं. तेव्हापासून कोणाचं मशीन स्लो झालं, हँग झालं, की फोन मला. आणि माझं एक ठरलेलं औषध होतं: रॅम, म्हणजे चालू काम हाताशी ठेवायची मशीनची मेमरी, वाढव. ऐकायला भारदस्त, समोरच्याला काहीतरी कळल्यासारखं वाटणारं, आणि मशीन फेकून द्या असं न सांगणारं. डॉक्टरांनी ‘एक टॉनिक लिहून देतो’ म्हणावं तसं.

ताई गणित शिकवते. दहा-अकरा वर्षांपूर्वी तिच्याकडे एक जाडजूड लॅपटॉप होता. सकाळी त्याचं बटण दाबायचं आणि कपडे वाळत घालायला जायचं, असा तिचा क्रम. शेवटचा कपडा दोरीवर पडेपर्यंत पडद्यावर चिन्हं उमटलेली असायची. त्यांच्यावर क्लिक करण्यात मात्र अजून काही अर्थ नसायचा. तिने हे फोनवर सांगितलं आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, ‘रॅम कमी पडतेय.’ पुढच्या खेपेला ४ जीबीची पट्टी घेऊनच गेले. मागचं झाकण उघडलं, रिकाम्या स्लॉटमध्ये पट्टी बसवली, कट् आवाज आला. चालू केल्यावर माहितीच्या खिडकीत आकडा दिसला: ८.०० जीबी. पुढे कंसात काहीतरी होतं, ‘३.२१ जीबी वापरण्याजोगी’ अशा अर्थाचं. मी आठ पाहिले. कंस कोण वाचतं! ताई शेजारी उभी होती. ‘अगं, हा मधूनच टक् टक् वाजतो, ते काय गं?’ तिने विचारलं. ‘जुना झालाय, वाजायचाच,’ मी म्हटलं. आठवड्याने मीच फोन करून विचारलं, मग, काय म्हणतोय? ताई क्षणभर थांबली. ‘हो गं, थोडा फरक पडल्यासारखा वाटतोय.’

फरक पडला होता तो शून्य.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, हिशोबाने म्हणते. त्या लॅपटॉपवरची विंडोज ३२ बिटची होती. म्हणजे मेमरीतल्या प्रत्येक जागेला दिलेला पत्ता ३२ अंकी, आणि अंक दोनच: शून्य नाहीतर एक. असे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोब्बर ४ जीबी. त्यातलेही बरेच पत्ते ग्राफिक्स वगैरे भागांसाठी राखून ठेवलेले असतात. हातात उरतात सव्वातीन जीबीच्या आसपास. मी जाण्याआधी ताईकडे ३.२१ जीबी होती आणि मी ‘वाढवून’ दिल्यावरही ३.२१च राहिली. माझी पट्टी म्हणजे पोस्टमनला न सापडणारं घर. बांधलेलं, रंग दिलेलं, पण पत्ताच नाही. हे सगळं मला पाच महिन्यांनी कळलं, तिची हार्ड डिस्क गेली तेव्हा. ते टक् टक् तिचंच होतं. आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका तीत होत्या, माऊसने एकेक रेघ ओढून काढलेल्या आकृत्यांसकट: वर्तुळाला स्पर्श करून जाणाऱ्या रेषा, कोन दुभागणारी तुटक रेघ, शिरोबिंदूंना दिलेली अक्षरं. ताई म्हणाली, ‘जाऊ दे, नवीन काढीन.’ मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ‘पडल्यासारखा’ या शब्दातला ‘सारखा’ तिने किती जपून ठेवला होता, ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं. तिला खोटंही बोलायचं नव्हतं आणि मला खट्टूही करायचं नव्हतं.

मनाची समजूत घालायला एक गोष्ट मी राखून ठेवली आहे. १९९५ मध्ये सॉफ्टरॅम ९५ नावाचा एक प्रोग्रॅम लाखोंनी विकला गेला. मशीन न उघडता, काही न बसवता मेमरी दुप्पट करून देतो, असा त्याचा दावा. जाणकारांनी तो तपासला तेव्हा दिसलं की तो दुप्पट वगैरे काही करतच नाही. लबाडीची गोष्ट आहे खरी, पण मला कुतूहल आहे ते विकत घेतलेल्यांचं. त्यातल्या कितीजणांनी पहिल्या संध्याकाळी खुर्चीत मागे रेलून म्हटलं असेल, की हो, थोडा फरक वाटतोय? आपण काहीतरी केलं की मशीनला काहीतरी झालंच असणार, असं डोळ्यांना दिसायला लागतं. निदान दोन-तीन दिवस तरी.

रविवारी भाचा आला. सॅकमधून त्याने लॅपटॉप काढला. ताईने त्या जुन्यानंतर घेतलेला. आता हाही दहा वर्षांचा. झाकणाचा कोपरा झिजून गुळगुळीत, स्पेसबारवर अंगठ्याने घासून पडलेली चकाकी, आणि पंख्याच्या जाळीतून येणारा तो तापलेल्या धुळीचा वास, जुन्या मशीनचा म्हणून डोळे मिटून ओळखता येईल असा. आता तो मुलगा यावर शिकतो. स्कॅन केलेली जाडजाड पुस्तकं, ब्राउझरमध्ये पंचवीसेक टॅब, आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट पडद्यावर जोडून पाहायचा एक प्रोग्रॅम. ‘पट्टी आणलीस का?’ त्याने आल्या आल्या विचारलं. मी म्हटलं, आज आधी काही उघडायचं नाही, नुसतं बसायचं. फोनमध्ये वेळ लाव आणि बटण दाब. तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मावशी आता नाडी बघून औषध देणार.

खरं तर नाडीच. मी लॅपटॉपच्या डाव्या कडेला कान लावला. आत हार्ड डिस्क फिरत होती. या जातीच्या डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०, आणि तो एक बारीक घूं असा सूर असतो. त्यावर वाचणाऱ्या दांडीची कुरकुर, कोणीतरी दुसऱ्या खोलीत सुपारी कातरतंय असं वाटावं अशी. सलग, न थांबता. टक् मात्र ऐकू आलं नाही. मी बराच वेळ तेच शोधत होते, हे त्याला सांगितलं नाही. पूर्ण हाताशी यायला ३ मिनिटं ४० सेकंद लागले. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, टास्क मॅनेजर, उघडली: प्रोसेसर निवांत, मेमरी ३.९ पैकी २.१ जीबी भरलेली, आणि डिस्क १०० टक्के. सहा-सात मिनिटं ती तशीच शंभरवर चिकटून होती; अपडेट शोधणं, व्हायरस तपासणं, फाइलींच्या याद्या करणं, अशी आतली घरकामं चाललेली. मग कुरकुर विरळ झाली आणि आकडा उतरला. ‘म्हणजे चालू व्हायला वेळ लागतो तो रॅममुळे नाही?’ त्याने विचारलं. मेमरी अर्धी मोकळी असताना लॅपटॉप थांबलाय, म्हणजे मेमरीसाठी थांबलेला नाही, एवढं तर दिसत होतं. हे एक वाक्य मला दहा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर.

तो कशासाठी थांबलाय, हे डोक्यात नीट उतरायला एक हिशोब मला फार उपयोगी पडतो. रॅममधली एखादी गोष्ट हातात यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद कोणाला कळतोय? म्हणून तो सगळा काळ ताणून एक सेकंदाचा करायचा: मागितलं, एक सेकंदात मिळालं. याच मापाने फिरत्या हार्ड डिस्ककडून तीच गोष्ट मागितली, तर तिचं दहा मिलिसेकंदाचं उत्तर यायला लागेल एक अख्खा दिवस आणि वर पावणेचार तास. एसएसडीला, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कला, सोळा-सतरा मिनिटं. म्हणजे एसएसडीसुद्धा रॅमपुढे गोगलगायच, पण दिवसभर ताटकळणं आणि सोळा मिनिटं थांबणं यांत काय अंतर आहे ते ज्याने कुठल्याही खिडकीपुढे रांग लावली आहे त्याला सांगायला नको. भाच्याने हे ऐकलं आणि म्हणाला, ‘मग सगळं रॅममध्येच का नाही ठेवत?’ चांगला प्रश्न. कारण रॅम विसरते. वीज गेली की सगळंच, आणि वीज असतानाही क्षणोक्षणी. एकेक शून्य-एक म्हणजे एका इवल्याशा धारित्रात, कपॅसिटरमध्ये, साठवलेला भार; तो सतत झिरपून जात असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खण वाचून पुन्हा भरावा लागतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं, आणि इतक्या वर्षांनी अजूनही तीच. आपण ज्याला कॉम्प्युटरची स्मृती म्हणतो ती सेकंदाला पंधरा-सोळा वेळा स्वतःला आठवण करून देत बसलेली असते.

हा ‘स्मृती’ शब्दच घोळ घालतो असं माझं मत आहे. मेमरी वाढवली म्हटलं की हुशारी वाढल्यासारखं वाटतं. मला त्यापेक्षा आईचं शिवणयंत्र आठवतं. पायाचं होतं, आणि त्याच्या डाव्या बाजूला बिजागरीची एक फळी होती, उघडली की कापड टेकवायला जागा व्हायची. मध्ये काही वर्षं ती बिजागरी मोडून पडली होती. रुमाल, झबली असं काही शिवताना आईचं काही अडायचं नाही. पण पडदा शिवायला घेतला की कापड मांडीवरून घसरायचं, त्याच्या वजनाने शिवण ओढली जायची, आई पाय थांबवायची, खाली वाकून कापड वर घ्यायची, दोन वीत शिवायची, पुन्हा थांबायची. यंत्र तेच, सुई तीच, आईचे पाय तेच. आवाजच बदलायचा: एका दमात जाणाऱ्या खडखडाटाऐवजी तुटक, चिडलेला. बिजागरी दुरुस्त झाल्यावर यंत्राचा वेग वाढला का? मुळीच नाही. फळी लावा की दोन फळ्या लावा, सुई तितकीच भरभर जाणार. आणि रुमालाला तर फळीचा पत्ताही लागत नाही. म्हणजे यंत्राकडे नुसतं बघून, फळी लावू का, याचं उत्तर देता येतच नव्हतं. काय शिवायला घेतलंय ते विचारावं लागायचं.

म्हणून भाच्याला म्हटलं, आता तुझा पडदा काढ. रोज ज्या क्रमाने उघडतोस त्या क्रमाने एकेक उघडत जा. ब्राउझर उघडला, आठ टॅब: ३.० जीबी. हल्ली प्रत्येक टॅब बहुतेक स्वतंत्र संसार थाटतो, एकाने जीव सोडला तर बाकीचे वाचावेत म्हणून. त्याची किंमत मेमरीत मोजायची. एक जाड पुस्तक: ३.४. सर्किटचा प्रोग्रॅम: ३.६, आणि मग आकडा पुढे जाईनाच. इथे फसायला होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे ३.६ मध्ये भागलं की!’ भागलं नव्हतं. पेला काठोकाठ होता आणि खाली बशीत सांडायला लागलं होतं. त्याच खिडकीत खाली आणखी एक आकडा असतो, कमिटेड, म्हणजे चालू प्रोग्रॅमना मशीनने कबूल करून ठेवलेली मेमरी. ती ६.८ जीबी होती. खिशात चार आणि वायदे पावणेसातचे. उरलेलं कुठून येणार? डिस्कवरून. मेमरीतलं जे सध्या लागत नाही ते डिस्कवर नेऊन टाकायचं, लागलं की परत आणायचं आणि त्याच्या जागेसाठी दुसरं काही हलवायचं. ही युक्ती नवी नाही, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये १९६२ मध्ये ती होती, आणि फारच सुंदर युक्ती आहे. फक्त हातात एका वेळी लागणारा पसाराच मेमरीहून मोठा झाला की मशीन काम सोडून नेण्या-आणण्यातच गुंतून पडतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणमीमांसा मांडली होती. डेनार्ड यांचं पेटंट आणि डेनिंग यांचा निबंध एकाच वर्षीचे. फळी आणि फळीवरून घसरणारं कापड.

रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट नावाचा रकाना असतो, सेकंदाला किती वेळा डिस्ककडे धाव घ्यावी लागली याचा. प्रोग्रॅम उघडताना तो उसळतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. आम्ही सगळं उघडून पाच मिनिटं थांबलो, तो खाली बसला. मग त्याला म्हटलं, आता सर्किटवरून पुस्तकावर जा. रकाना शेकड्यांत गेला, कुरकुर पुन्हा सुरू झाली, पुस्तकाचं पान पांढरं पडलं आणि वर कंसात ‘प्रतिसाद देत नाही’. १८ सेकंद. परत सर्किटवर: पुन्हा तेवढंच. नवं काही उघडलेलं नसताना नुसत्या ये-जा करण्यात हे होत होतं. ‘हेच! हेच होतं माझं रोज,’ तो ओरडला, रोग सापडल्याचा आनंद होतो ना, तसा. मलाही झाला. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण दोन्ही वेळा टास्क मॅनेजरमध्ये दिसत होती ती डिस्कच, शंभर टक्क्यांवर. चालू होतानाही शंभर, आताही शंभर. पहिल्या वेळी दोष डिस्कचा, दुसऱ्या वेळी डिस्क बिचारी मेमरीची उणीव भरून काढताना धापा टाकत होती. लक्षण एक, कारणं दोन, आणि मी ताईच्या वेळी लक्षणसुद्धा पाहिलं नव्हतं.

विंडोज ६४ बिटची आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं.

मग टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात जुन्या वायरी, कशाचे ते आता न आठवणारे चार्जर आणि एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ताईच्या मेलेल्या लॅपटॉपमधून काढून आणलेली ती ४ जीबीची पट्टी. इतकी वर्षं ती मी का ठेवली होती, विचारू नका. लेबलवर डीडीआर३, म्हणजे रॅमची पिढी, आणि पुढे ‘पीसी३एल’. त्या ‘एल’मध्येच सगळं होतं. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि या लॅपटॉपला ती चालली नसती, ‘एल’वाली १.३५ वर चालते आणि जुन्या मशीनमध्ये १.५ वरही निभावून नेते. मी तेव्हा हा विचार करून घेतली असेल? छे. मिळाली ती घेतली होती. लॅपटॉप उलटा केला, बॅटरी सोडवली, स्क्रू निघतील त्या जागांचा नकाशा काढून कागदावर मांडत गेलो. अंगातली स्थिर वीज उतरवायला टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावायला सांगितलं तेव्हा तो हसला, पण लावला. झाकण निघालं तर आत पंख्यावर राखाडी लोकरीचा थर. तो झटकला. पट्टीला २०४ दात आणि मध्ये एक खाच. खाच जुळली तरच बसते, उलटी बसूच शकत नाही. तिरकी घालायची आणि दाबून आडवी करायची. कट्. तोच आवाज.

चालू केला तर पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळा. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिलो. अर्धं मिनिट हे फार असतं. मग बीप, पुन्हा बीप. माझ्या पोटात गोळा आला. त्या मुलाच्या डोक्यात ‘आईला काय सांगू’ हे चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं. बंद केला, पट्टी काढली, पेन्सिलीच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात हलकेच घासले. ही अडाणी वाटणारी युक्ती कुठलाही दुरुस्तीवाला करतो आणि बरेचदा चालते. पुन्हा बसवली, या वेळी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज ऐकूनच हात काढला. पडदा उजळला. मी थेट माहितीच्या खिडकीत गेले. ८.०० जीबी. कंसात ७.९ वापरण्याजोगी.

मोजमाप भाच्याने केलं, वहीच्या मागच्या पानावर. चालू व्हायला आधी ३ मिनिटं ४० सेकंद, आता ३ मिनिटं ३५. पाच सेकंद इकडे-तिकडे, ते धरायचे नाहीत. सर्किटचं उत्तर काढायला आधी ४१ सेकंद, आता ४०. ते प्रोसेसरचं काम, तिथे मेमरी काय करणार. सर्किटवरून पुस्तकावर, पुस्तकावरून ब्राउझरवर: आधी १८ सेकंद, आता मोजताच येईना. तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर उड्या मारत राहिला, नुसत्याच. खाली डिस्क गप्प होती. मेमरी साडेपाच जीबी भरलेली दिसत होती आणि तरी त्याला ती ‘अर्ध्याहून जास्त भरली’ याची काळजी वाटली. मोकळी मेमरी काही शिल्लक टाकलेली पुंजी नसते, लागतील असं वाटणाऱ्या फाइली विंडोज त्यात आधीच आणून ठेवते, असं मी सांगायला लागले, पण त्याचं लक्ष नव्हतं. ‘तीनातलं एक झालं,’ तो वहीकडे बघत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. आकडा होता. मला ते फार आवडलं आणि थोडं टोचलंही. त्याच्या आईने हे कधीच असं सांगितलं नसतं.

उरलेल्या दोनांपैकी प्रोसेसर तर बदलता येत नाही, मदरबोर्डवर झाळलेला आहे. डिस्क बदलता येते, आणि खरं तर पहिला नंबर तिचाच लागायला हवा होता. खणात पट्टी पडून होती म्हणून आधी मेमरी झाली. विकत घ्यायची असती आणि दोन्हीतलं एकच परवडणार असतं, तर या मशीनला मी एसएसडी सांगितली असती. चालू होणं सुधारलं असतंच, आणि थ्रॅशिंग झालं असतं तरी दिवसभराऐवजी सोळा मिनिटांचं. पण ‘हे करून हा अजून किती वर्षं चालेल?’ या त्याच्या प्रश्नावर मी गप्प बसले. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, ११साठी हा प्रोसेसर पात्र नाही. विंडोजऐवजी लिनक्स घालता येईल. त्याचा सर्किटचा प्रोग्रॅम तिथे चालतो का ते पाहायचंय. आणखी दोन-तीन वर्षं रेटता येईल, असं मन म्हणतं. पण मन कोणाचं? वस्तू टाकवत नाहीत त्या बाईचं. त्या मुलाला कदाचित नवाच हवा असेल आणि मावशीपुढे तोंडातून निघत नसेल. मी विचारलं तसं. तो म्हणाला, ‘एसएसडी घालून बघू ना आधी.’ हे खरं की ‘पडल्यासारखा’, मला अजून ठरवता आलेलं नाही.

डिस्क बदलायची म्हणजे आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवणं आलं. ते मी त्याच्याकडून कबूलच करून घेतलं. पट्टी बसली न बसली, नक्कल आज रात्रीच. माझी बाहेरची डिस्क जोडली, सगळं निवडलं आणि सोडून दिलं. तो दुसऱ्या खोलीत फोन घेऊन लवंडला. मी तिथेच बसले, कुरकुर ऐकत. कॉपी होणाऱ्या फाइलींची नावं खिडकीत एकेक सरकत असतात, सहसा वाचता न येण्याइतकी भरभर, पण ही डिस्क वाचू देते. त्याच्या वह्यांचे फोटो गेले, पुस्तकं गेली. मग एक फोल्डर आला, त्याचा नव्हता. ‘भूमिती पुन्हा’. स्पर्शिका १, स्पर्शिका २, कोनदुभाजक, चक्रीय चौकोन. आकृत्या होत्या, शंभराच्या वर. मी दुसऱ्या खिडकीत तो फोल्डर उघडून तारखा पाहिल्या. हा लॅपटॉप घेतला त्याच आठवड्यातल्या पहिल्या काही, मग रोज दोन-तीन, वेळ रात्री अकरानंतरची. असं साडेतीन महिने. त्याच महिन्यांत मी तिला दर आठवड्याला फोन करायचे, नवा कसा चालतोय विचारायला, आणि ती म्हणायची, मस्त गं. एक आकृती उघडली: वर्तुळ, बाहेरचा बिंदू, दोन स्पर्शिका. एक रेघ वर्तुळात किंचित आत घुसलेली.

खालच्या पट्टीवर ‘सुमारे २ तास बाकी’ होतं. मी बघत होते तोवर त्याची ४० मिनिटं झाली, मग ३ तास.